तुरटीचा खडा

ओली तुरटी गालावर फिरवली की छत्रीबागेतल्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. लकव्याने बाबांची उजवी बाजू गेली होती आणि त्यांच्याच जुन्या सेफ्टी रेझरने मी पहिल्यांदा त्यांची दाढी करत होतो. डाव्या गालावर ते जड जिभेने सारखे टोकत होते, “अरे, दाबू मत! रेझर आपल्या वजनाने चालतो. एकदाच फिरव, बस.” उजव्या गालाशी आलो तसे ते शांत झाले, डोळे मिटून म्हणाले, “हां, अब जमलं तुला. काही लागलंच नाही.” त्या गालावरच्या फेसातून रक्ताचा ओघळ उतरत होता. मी “हो बाबा” म्हणालो आणि तुरटी दाबून धरली. तीही त्यांना झोंबली नाही. आजही मला कापलं आणि तुरटी झोंबली, की बरं वाटतं.