गळाला लागलेली मरळ

जर्मनीत, कोलोनला लेकीच्या सिंकमधे जावयानं मासा धुतला, अन् चिखलाचा वास घरभर झाला. राईन नदीच्या काठावरनं गळ टाकायला तो नुकताच शिकलाय.

मीबी अशीच शिकले. मालक गेले तवा घरात दाणा नव्हता. गांडूळ लावताना गळ बोटात रुतला, पण सांजच्याला एक मरळ लागली. सासू म्हणाली, "पोरींना वाढ. नवरा गेलेल्या बाईनं मासा खायचा नसतो." अन् सासू-सासऱ्यांनी काटे चोखून खाल्लं. मी कोरडी भाकर चावली. पुढं कितीक वर्षं मीच मासे धरले, मीच रांधले.

आज जावयानं ताट पुढं केलं. "अहो आई, पहिला घास तुमचा. कसा झालाय?"

"बरा झालाय," घास गिळून म्हटलं.

मासा कसा लागतो, तेच मला आठवत नव्हतं.