लोहाराने सांगितलेला अपघात

चिंचवडच्या आमच्या आळीवर चाचणीचं लष्करी विमान कोसळलं, त्यात माझी पत्नी गेली. तेव्हापासून शेजारचा लोहार येईल त्याला ती हकिगत सांगतो. हातातली सांडशी हेच विमान. ती डोक्यावरून फिरवत, तोंडाने घरघर करत तो शेवटी ती भात्याजवळ आपटतो. दर खेपेला आग वाढते. परवा ज्वाळा देवळाच्या कळसाला लागल्या.

"अहो, कौलांपर्यंतच होत्या," मी ओट्यावरून म्हणालो.

"मास्तर, तुमी शाळंत व्हता. मी हितं व्हतो," एवढं बोलून त्याचं पुढे चालू. हातातलं पुस्तक मिटावं लागतं, इतका संताप येतो.

काल चाकणच्या एका गाडीवानाने त्याला विचारलं, "माणूस दगावलं का कुनी?"

"न्हाई," लोहार म्हणाला.

गाडीवान गेल्यावर मी तरातरा खाली उतरलो. "ज्वाळा कळसापर्यंत नेता, आणि ती गेली एवढं सांगवत नाही? ती नव्हतीच का?"

त्याने हातातली सांडशी हळूच खाली ठेवली. "मास्तर, इमान मी रोज पाडीन," तो म्हणाला. "पर मास्तरीणबाईंना रोज त्या आगीत कसं घालू?"