खंडेनवमीचा राउटर

कंपनीनं आमच्या जुन्या राउटरला नवं सॉफ्टवेअर देणं बंद केलं, म्हणून चिडून मी त्यात फुकट मिळणारं, खुलं सॉफ्टवेअर चढवायला घेतलं. "दहा मिनिटं प्लग काढू नका," असं वडिलांना बजावून आंघोळीला गेलो. येऊन बघतो तर राउटर देव्हाऱ्यापुढं, ऊसतोडीच्या कोयत्याशेजारी, हळदीकुंकू लावून ठेवलेला.

"खंडेनवमी हाय. आज हत्यार राबवत न्हाईत," वडील म्हणाले.

काम अर्ध्यावर तुटल्यानं राउटर कायमचा मेला. सण मीच विसरलो होतो, मग शिव्या कुणाला घालणार? घरी बसून करायची नवी नोकरी होती. गावात मोबाइलला रेंज नाही; आठवडाभर ऑनलाइन दिसलो नाही, तीही गेली.

वडील अजून दर खंडेनवमीला त्या राउटरला झेंडू वाहतात. सण सरला की शेजारचा कोयता मी उचलतो आणि तोडीला जातो.