सहाजणींत पाचवी

राजुऱ्याच्या आमच्या सायकल क्लबाचा सराव कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर चालायचा. त्यामुळे राष्ट्रीय ट्रॅक सायकलिंग मालिकेच्या पहिल्या फेरीतच मी खरा ट्रॅक पाहिला. वळणावर तो भिंतीसारखा तिरपा उभा होता. घाबरून मी वेग कमी केला आणि सायकलसकट घसरत खाली आले.

प्रशिक्षक म्हणाले, "हळू काऊन केली? इथी हळू चालवणारीच पडते."

त्यानंतर मी वेग सोडला नाही. मालिकेच्या शेवटच्या फेरीत तर अंतिम शर्यतीपर्यंत पोचले.

घरी आले तेव्हा बाबा तळ्यावरून मासे घेऊन नुकतेच आले होते.

"कितवी आली?"

"सहाजणींत पाचवी."

"म्हणजे एक मागं होती."

"ती पडली होती, बाबा."

"उठली का मंग ते पोरगी?"

"उठली."

"बरं झालं," म्हणाले आणि जाळं धुवायला बसले.