झोपडी कोणी बांधली

कुठलंही माप सांगितलं की मिस्त्री मान तिरकी करून म्हणायचे, "थोडं मोठं धरू, साहेब. आकसतंय."

अंबडच्या आमच्या कारखान्यात ते लाकडाचे साचे करायचे. साच्याचा वाळूत ठसा घ्यायचा आणि ठशात वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून त्यांची पट्टीच वेगळी होती. तिचा प्रत्येक इंच खऱ्याहून केसभर मोठा. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. पण मिस्त्रींची पट्टी डोक्यातही बसली होती. पोरांचे बूट, लग्नातली पंगत, सगळं जरा वाढवूनच. त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या उरलेल्या जिलब्या आमचं अख्खं खातं तीन दिवस खात होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्या मुलीनं अमेरिकेहून एक किट पाठवलं. तिकडे डोंगरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सोनं शोधणारा एक खाणकामगार राहायचा, त्याच्या झोपडीची छोटी प्रतिकृती आपण जोडायची. काडीएवढे ओंडके, पत्र्याचं छप्पर, नखाएवढी शेगडी. मी दोन रविवारांत दोन भिंती उलट्या चिकटवल्या आणि दार हरवलं.

शेवटी खोका मिस्त्रींपुढे ठेवला. त्यांनी एक ओंडका हुंगला.

"साहेब, हे लाकूड नाय, बिस्कीट हाय." मग खोक्यावरच्या खाणकामगाराच्या चित्राकडे बघून, "एकटाच राहायचा का हो हा? भाकरी कोण टाकायचं?"

जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून त्यांनी दीड महिन्यात झोपडी उभी केली. माझ्या भिंती वाफेवर धरून सोडवल्या. हरवलेलं दार सागाच्या तुकड्यातून कोरलं, आणि ते बसेना! केसभर मोठं झालं होतं. मिस्त्री कपाळावर हात मारून हसत सुटले.

"सवयीनं माझीच पट्टी लावली की! आता हे काय आकसणार हाय का?"

घासतो म्हणाले, मीच नको म्हटलं. अर्धवट उघडं दार छान दिसत होतं.

इथवर सगळं गमतीचं. पुढचं मी दहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलीला फोनवर "जमलं मला" म्हणून बसलो होतो. झोपडी ऑफिसातल्या टेबलावर ठेवली, तिथंही तेच सांगितलं. एकदा मालक आले आणि वाकून पाहत राहिले.

"कुणी केलं हे?"

"मी."

"दार का लागत नाही?"

मी दार बोटानं ढकलू लागलो. कागदावर माझी सही घ्यायला आलेले मिस्त्री मागे उभे होते. तेच म्हणाले, "मुद्दाम ठेवलंय साहेबांनी. माणूस कामावरून यायचाय अजून."

मालक खूश झाले. जाताना बोलले, "आपल्या साचेवाल्यांत असा कुणी असता, तर त्यालाच ठेवला असता." लाकडी साच्यांचं काम बंद होत आलं होतं. एकालाच ठेवणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून सही केली.

ठेवलं दुसऱ्यालाच.

मिस्त्रींनी पंचवटीत देवघरं करायला घेतली आणि ती झकास चालली. रस्त्यात दिसलो की ओरडायचे, "काय साहेब, नवी झोपडी बांधली का नाय?" थट्टा की टोमणा, मला कधी कळलं नाही. मी हसून रिक्षात बसायचो.

मग एक दिवस ते गेल्याचं कळलं. तेरावा झाल्यावर मी झोपडी कापडात गुंडाळून त्यांच्या घरी नेली.

"अगंबाई, हीच का ती?" वहिनी म्हणाल्या. "हे सारखे सांगायचे, आमच्या साहेबांच्या हातात काय कला आहे!"

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं.

"वहिनी, ही मिस्त्रींनी केलीय. मी खोटं बोललो. माझ्यामुळे त्यांची नोकरी गेली."

वहिनींनी झोपडी हातात घेऊन फिरवून पाहिली. मग पदर तोंडाला लावून हसल्याच. "तरी म्हटलं, साहेबलोकांना एवढं बारीक काम कुठलं जमायला!" त्याच पदरानं डोळे पुसले, उठल्या आणि दारातून हाक मारली, "अहो काकू, या जरा. साहेब, आता हेच काकूंसमोर सांगा."

सांगितलं. मग समोरच्या भाजीवाल्या मावशींना, मग वरच्या मजल्यावरच्या गुरुजींना. प्रत्येक वेळी वहिनी शेजारी बसून नीट ऐकत होत्या, आणि मी जरा घाई केली की म्हणायच्या, "असं नाही. पहिल्यापासून सांगा."