आप्पांचा लाल सॉस

माझे वडील, आप्पा, चिंचवडच्या एका कंपनीत लेथ मशीनवर टर्नर होते. मूळ गाव मावळातलं, डोंगराच्या अगदी पायथ्याचं. मी कॉलेजात असताना आई गेली. तेव्हापासून घरातला स्वयंपाक आम्ही वाटून घेतला होता. पोळी-भाजी माझ्याकडे, मटण आणि सॉस आप्पांकडे.

सॉस हा त्यांचाच शब्द. थंडीत बाजारात ओल्या लाल मिरच्या आल्या की ते पिशवी भरून आणत, पुसून फडक्यावर पसरत आणि लसूण-मीठ घालून पाट्यावर वाटत. त्यात चिंचेचा कोळ आणि कडकडीत तापवून गार केलेलं शेंगदाण्याचं तेल. आई त्याला शेवटपर्यंत ठेचाच म्हणाली. पण कॅन्टीनमध्ये बाटलीतून येतो तो सॉस, तर हाही बाटलीत भरला की सॉसच, असा आप्पांचा सरळ हिशेब होता.

रविवारचं उरलेलं मटण सोमवारी सकाळी ते हाडांपासून सोडवून तव्यावर कोरडं परतत. ब्रेडला आतून सॉस फासायचा, मध्ये मटण आणि कच्चा कांदा, आणि वरून ताटली दाबून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचं. फर्स्ट शिफ्टला जाताना त्यांच्या डब्यात तेच असे. पुढे मी हिंजवडीत नोकरीला लागले तेव्हा माझ्याही डब्यात. कॅबमध्ये डबा उघडला की मागच्या सीटवरचे लोक खोकायचे, आणि मग एक तुकडा मागायचेही.

सॉस वाटताना त्यांना हमखास शिकार आठवायची. ते लहान असताना त्यांचे वडील आणि गावातली माणसं कुत्री घेऊन रानात जात. ससा, तितर, कधी रानडुक्कर. ससा निखाऱ्यावर भाजून त्याला हीच मिरची चोळत. पुढे बंदी आली, शिकार सुटली, आणि आप्पा नोकरीसाठी चिंचवडला आले. "तसलं मटान पुन्हा न्हाई खाल्लं," असं म्हणून ते वरवंटा थांबवत. मला ती गोष्ट पाठ झाली होती, तरी मी ऐकायचे.

माझं लग्न झालं. नवऱ्याची कंपनी चाकणला, आमचा फ्लॅट रावेतला. निवृत्तीनंतर आप्पांनाही आम्ही तिकडेच आणलं. येताना त्यांनी पाटा-वरवंटा आणला आणि बाल्कनीत मांडला.

आल्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या जिभेच्या कडेला फोड आली. तिखटाने आली असेल म्हणून त्यांनी काही दिवस सॉस बंद केला. फोड भरली नाही. डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारलं तेव्हा आप्पांनी मान खाली घातली. कंपनीत असल्यापासून ते मळून खात होते. ऑपरेशनमध्ये अर्ध्याहून जास्त जीभ काढावी लागली, मग रेडिएशनचे शेक दिले. खाणं आधी नाकातल्या नळीतून, नंतर वाटीने, पण पातळच. बोलणं इतकं बदललं की नवऱ्याला समजत नसे. मला समजायचं.

त्या थंडीत मिरच्या आल्या तेव्हा मी मुद्दाम आणल्या नाहीत. आप्पा स्वतः जाऊन घेऊन आले. मी म्हणाले, कशाला, तुम्हाला वासानेसुद्धा झोंबेल. त्यांनी काही ऐकलं नाही. तोंडाला रुमाल बांधून पाट्यापुढे बसले आणि थोडं वाटून झालं की बोटाच्या टोकावर घेऊन माझ्यापुढे धरत. मी चाटायचे, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मीठ कमी असेल तर मी सांगायच्या आधीच त्यांना कळे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं की ते समाधानाने मान हलवत. ते पाणी तिखटाचंच आहे असं त्यांना वाटत होतं. मीही तसंच वाटू दिलं.

दुखणं पुन्हा उलटलं. मग गावाहून त्यांचा चुलतभाऊ भेटायला आला. पिशवीतून त्याने स्टीलचा डबा काढला आणि दार लावून घ्यायला सांगितलं. डब्यात रानडुकराचं मटण होतं, शिजवलेलं. कुठून आणलं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आप्पांचे थोडेच दिवस राहिलेत असं त्याला कुणीतरी कळवलं होतं. जन्मभर ज्याची आठवण काढली ते एकदा तरी मिळावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

आप्पांनी डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि तोंड जवळ नेऊन वास घेतला. कितीतरी वेळ. मी म्हटलं, रस्सा गाळून देऊ का, चमचाभर? त्यांनी हाताने थांबवलं. मग झाकण लावून डबा भावाकडे सरकवला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलले.

"वास तोच हाय. पर घेऊन जा. पुन्हा आणू नगंस. रानात आता ऱ्हायलंय काय?"

भावाला शब्द कळले नाहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तेच वाक्य त्याला सांगितलं. चुलतकाकाने डबा पुन्हा पिशवीत ठेवला.

तेवढ्यात आप्पा उठले आणि स्वयंपाकघरात गेले. फ्रीजमधून अंडी काढली, उकडली, ब्रेडला सॉस फासला. भावासाठी तव्यावर सँडविच भाजून ताटलीत वाढलं आणि समोर स्टूल घेऊन बसले. काका घाम पुसत, नाक ओढत खात होता. आप्पा त्याच्याकडे तसंच बघत होते, जसं माझ्याकडे बघायचे. दुसरं सँडविचही त्यांनी त्याला खायला लावलं.

उन्हाळा लागायच्या आत आप्पा गेले. शेवटच्या दिवसांत पाणीही घशाखाली उतरत नव्हतं. भूक मात्र लागायची. ते पोटावर हात ठेवून मला दाखवायचे, आणि मला काहीच करता यायचं नाही. जेवण त्यांच्यासमोर करायचं नाही म्हणून मी आणि नवरा आळीपाळीने बेडरूममध्ये दार लावून जेवायचो. एकदा त्यांनी मला तोंड पुसत बाहेर येताना पाहिलं आणि खूण करून विचारलं, काय जेवलीस? मी खोटं बोलले नाही. वरण-भात, म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

या वर्षी मिरच्या मी आणल्या. पाटा मला जमत नाही, मिक्सरवर वाटल्या. मीठ, लसूण, चिंच, तेल, सगळं तसंच. नवरा सेकंड शिफ्टला निघाला होता, त्याच्यासाठी सँडविच भाजलं. त्याने घास घेतला आणि चांगलं झालंय म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी होते. मला तिथे काहीच वाचता येईना.