दगूनानांच्या उतरवता येणाऱ्या लाद्या

ज्या माणसाला मी माझ्या पहिल्याच साइटवर फसवलं, ते दगूनाना आज सकाळी गेले.

सिन्नरला त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. नव्वदच्या दशकात इंदिरानगरमधल्या एका क्लिनिकचा दर्शनी भाग मी डिझाइन केला. नवीकोरी आर्किटेक्ट, डोक्यात हवा.

काळ्या दगडाच्या लाद्या सिमेंटने चिकटवायच्या, एवढंच मला ठाऊक.

"ताई, स्टीलच्या पट्ट्यांवर बोल्टनी टांगू. बसवलेलं उतरवता बी आलं पायजे."

"उतरवायचंय कोणाला, नाना?"

"बिल्डिंग काय जलमाची असती का? दगड असतो."

सगळी साइट हसली. मीही. पण डॉक्टरांना पटलं, म्हणून बोल्ट लागले.

फक्त खालची ओळ, लोकांचे धक्के लागतील म्हणून, नाना जेवायला गेले असताना मी मागून सिमेंटने भरून घेतली.

नानांना मात्र सांगितलं नाही.

दहाएक वर्षांनी रस्ता रुंद करायला क्लिनिक पाडायचं ठरलं. हातात जेमतेम आठवडा.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "मॅडम, ब्रेकर लावतो. दोन तासांत मलबा!"

मी सिन्नरला फोन केला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नाना हजर. पिशवीत बोल्ट सोडायचे पाने आणि ग्रीसचा डबा.

चार दिवस. वरून खाली, एकेक लादी. प्रत्येकीच्या पाठीवर त्यांनीच रंगवलेला नंबर.

एकही फुटली नाही! तिसऱ्या दिवशी तर ब्रेकरवालाच लाद्या धरायला आला.

मग खालची ओळ. बोल्ट निघाले, लाद्या हलेनात. छिन्नी लावली. सगळ्यांचे तुकडे.

मी कबूल केलं. रडूच फुटलं.

नानांनी एक सणसणीत शिवी हासडली, आणि मग पोट धरून हसले.

"बरं झालं, ताई! आता कुनाला समजून सांगाया नको. दोन्ही ढीग बघा म्हनावं."

तेव्हा मी निफाडला एक शाळा बांधत होते. वाचलेल्या सगळ्या लाद्या तिथे गेल्या, नंबरवारीने चढल्या. जुनी इमारत गेली, दगड पुन्हा उन्हात चमकायला लागला. काय दिसत होती शाळा!

कमी पडलेल्या ओळीला नवा दगड आणला. नानांनी त्याला हात लावला नाही. पाना माझ्या हातात दिला.

"ही वळ तुमची."

दिवसभर बोल्ट कसले. हाताला फोड आले. संध्याकाळी नाना म्हणाले, "आता एक सोडून दावा."

सोडली. लादी अलगद माझ्या हातात आली.

"आता झाल्या तुमी आर्किटेक!"

नाना, त्यानंतर मी एकही लादी सिमेंटमध्ये गाडली नाही.

भरल्या मनाने, ताठ मानेने, तुम्हाला शेवटचा नमस्कार.